शिलादूताचा राहिलेला भाग

८ ऑगस्ट २००३, शुक्रवार

आज दुपारी दोन अनोळखी माणसं आली आणि दारात उभं राहून त्यांनी यांचं नाव घेतलं. हे गेल्यापासून यांना शोधत कोणी आलं नव्हतं.

त्यातली मुलगी हेमांगी, बँकेत नोकरीला. मुलगा जितेंद्र, त्याचं गोखिवऱ्याला कॉम्प्युटरचं दुकान. दोघंही पंचविशीच्या पुढची. लहानपणी नवरंजन कंपनीची कॉमिक्स वाचायची. तिच्या हातात जुना अंक होता. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं, 'अक्षरलेखन : श्रीरंग चुरी, वटार'. गावाचं नाव यांनी स्वतःच घुसडलं होतं. संपादकाच्या ते कधी लक्षातच आलं नाही.

"काकू, शिलादूताच्या एका गोष्टीचा दुसरा भाग शोधतोय आम्ही," हेमांगी म्हणाली. "पहिला भाग अठ्ठ्याण्णवच्या मेमध्ये आला. शिलादूताला मिठागरात पुरतात आणि खाली लिहिलंय, पुढील अंकी. पुढचा अंक आलाच नाही. वर्षअखेरीस कंपनीच बंद."

"त्याच्यासोबत मुखवटा फ्री होता," जितेंद्र म्हणाला. "मी अजून वाट बघतोय."

"याला गोष्टीचं काही नाही हो. मुखवट्याचं दुःख आहे."

"दोन्हीचं आहे. चाळीस पत्रं टाकली मी कंपनीला. एकाचं उत्तर नाही. हिरोला खड्ड्यात टाकून मालक पळाला!"

एवढा मोठा माणूस, पण रागावला तेव्हा ओठ लहान मुलासारखा बाहेर आला. मी चहा दिला. पेटी खाटेखाली आहे हे मात्र सांगितलं नाही.

१० ऑगस्ट, रविवार

पेटी काढली. पानं आहेत. बत्तीसच्या बत्तीस. कडा पिवळ्या पडल्यात, चित्रं शाबूत.

चित्रं दुसरे कोणी काढायचे, गोष्ट तिसरे कोणी लिहायचे. यांचं काम बोलण्याचं. माणसांच्या तोंडाजवळ जे फुगे असतात ते चित्रकार रिकामे ठेवायचा. हे जाड कागदाच्या पट्टीवर निबाने संवाद लिहायचे, फुग्याच्या मापाने कापायचे आणि मागे रबर सोल्यूशन लावून चिकटवायचे. सरळ पानावर लिहीत नसत, कारण संपादक शेवटच्या दिवसापर्यंत वाक्यं बदलायचा. पट्टी उचलून दुसरी लावता यायची.

पाच पावसाळ्यांत ते सोल्यूशन मेलं. पानं उचलली तर पट्ट्या पिकल्या पानांसारख्या गळून पडल्या. शिवाय बिस्किटाचा डबा भरून सुट्या पट्ट्या आहेत. तो डबा मीच भरला होता. हे गेल्यावर टेबलावर, खाटेवर, उशीखाली जेवढे कागद सापडले तेवढे सगळे गोळा करून त्यात टाकले. टाकताना वाचले नाहीत. तेव्हा मला वाचता येत नव्हतं.

हे इथे लिहायला हरकत नाही, डायरी कोण बघतंय. अक्षरं काढणाऱ्याची बायको अंगठेबहाद्दर होती. आम्ही पाच बहिणी, मी थोरली. पहाटेपासून फुलं तोडायची, केळीला पाणी सोडायचं. शाळेत माझं नाव होतं, मी नव्हते. लग्नानंतर यांनी दोनदा पाटी आणली. दोन्ही वेळा मी तिच्यावर कोथिंबीर निवडली.

अठ्ठ्याण्णवच्या जुलैत यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. पाच महिने मग लिहून बोलायचे, त्याच पट्ट्यांवर, त्याच निबाने. संध्याकाळी आमचा मुलगा संकेत कामावरून आला की त्याला दाखवायचे, तो वाचायचा. दिवसभर मात्र आम्ही दोघंच. मला दाखवलं की मी मान हलवायची आणि पाणी आणून द्यायची. आजारी माणसाला दुसरं काय लागतं? शेवटी शेवटी तर दाखवायचेही नाहीत. लिहायचे आणि ठेवून द्यायचे. मला वाटायचं कंपनीचं काम चाललंय.

डिसेंबरात हे गेले. जानेवारीत बँकेत मी अंगठा उठवला तेव्हा तिथला कारकून म्हणाला, "तुमचे मिस्टर अक्षरं काढायचे ना हो?" त्या दिवशी घरी येऊन जुना अंक उघडला. शेजारच्या व्हेरोनिकाने पहिली दहा अक्षरं दाखवली, पुढची माझी मी शोधली. यांच्या क वरून मी क शिकले. अजून छापील अक्षरांत अडखळते. यांच्या अक्षरांत नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

दोघांना निरोप पाठवून बोलावलं. पेटी उघडली तेव्हा जितेंद्र न सांगता उठला, मोरीवर जाऊन हात धुऊन आला आणि ते शर्टाला न पुसता हवेत वाळवत उभा राहिला. यांना हे फार आवडलं असतं.

त्यांचं म्हणणं असं. पट्ट्या जागच्या जागी लावायच्या, त्याच्या दुकानात पानांच्या प्रती काढायच्या, शिवायच्या आणि दोन ऑक्टोबरला सुट्टीच्या दिवशी पारनाक्यावर फुकट वाटायच्या. तीनशे. त्यांच्यासारखी वाट बघणारी माणसं वसई-विरारात बरीच आहेत म्हणे. इंटरनेटवर एकमेकांना सापडलीत.

"फुकट का?" मी विचारलं.

"विकायचा हक्क आपला नाही काकू," हेमांगी म्हणाली. "तसा वाटायचाही नाही. पण कंपनीत आता विचारायला कोण आहे?"

मी सांगितलं की यांना फुकट द्यायचं नाव काढलं तरी राग यायचा. आधी अंकासोबत स्टिकर आला, मग लोहचुंबक, मग मुखवटा. गिफ्टच्या जाहिरातीला जागा हवी म्हणून गोष्टीची दोन पानं कापायचे आणि यांना सांगायचे, "संवाद छोटे करा." हे म्हणायचे, फुकटचं दिलं की लोक आत हात घालतात, डोकं घालत नाहीत.

"करेक्ट!" हेमांगी म्हणाली. "कॉमिक्स म्हणजे नुसतं स्टिकरचं पाकीट झालं होतं. आमच्या वर्गातली मुलं स्टिकर काढून अंक बाकावर टाकून जायची. मी ते गोळा करायची."

"तूच ती! माझा सत्तावीस नंबरचा अंक तूच ढापलास," जितेंद्र म्हणाला.

"टाकलेला उचलला, ढापला काय?"

पाच वर्षांनी या खोलीत कोणी एवढ्या मोठ्याने हसलं. मला ते बरं वाटलं नाही, आणि वाईटही नाही.

मी हो म्हणाले. पण पट्ट्या मी लावणार असं सांगितलं.

१८ ऑगस्ट, सोमवार

संकेतचा फोन. "आई, ती रद्दी आहे. त्या कंपनीने बाबांकडून मरेपर्यंत काम करून घेतलं. आणि तू त्यांचा माल फुकट वाटणार?" मी म्हटलं, कंपनीचा नाही, बाबांचा. त्याने विषय बदलला. मग म्हणाला, "इकडे ये ना राहायला." हे तो दर फोनला म्हणतो.

२४ ऑगस्ट, रविवार

फुगे एकशे सत्त्याऐंशी. गव्हाची खळ केली आहे. रोज दुपारी वाडीतलं काम आटोपलं की बसते.

कोण काय बोलला हे आधी चित्रावरून ठरवायचं, मग पट्टीच्या लांबीवरून. फुगा उभा असला तर पट्टी तीन ओळींची. ओरडत असला तर अक्षरं जाड. एका दुपारी जेमतेम दोन-तीन पानं होतात. चुकीच्या तोंडी वाक्य गेलं की लगेच कळतं. डॉक्टर क्षार नावाचा दुष्ट माणूस 'आई, मी येतो' म्हणायला लागतो.

पाचव्या पानावर शिलादूत मिठातून हात वर काढतो. तो पाच वर्षं त्या खड्ड्यात माझ्या खाटेखाली होता.

२७ ऑगस्ट, बुधवार

डब्यात काही पट्ट्या वेगळ्या निघाल्या. अक्षर यांचंच, पण जरा कापरं. बाकीच्या पट्ट्यांच्या मागे जुन्या सोल्यूशनचे तपकिरी डाग आहेत, या वेगळ्या पट्ट्यांच्या मागे काहीच नाही. कोऱ्या. फुग्याच्या मापाने कापलेल्याही नाहीत. चिकटवायच्या राहून गेल्या असणार. कंपनीची घाई, दुसरं काय! आजारी माणसाला जरा उसंत दिली असती तर.

एकीवर 'पाणी नको. नुसती बस.' ही लगेच बसली. एकोणिसाव्या पानावर शिलादूत जखमी पडलाय आणि मिठागरवाल्याची मुलगी ओंजळीत पाणी घेऊन आलीय. तिथला फुगा रिकामाच होता. कडा कापून लावली. जणू तिथलीच.

एकीवर 'खिडकी उघड.' तिला जागा सापडत नाही. गोष्टभर मिठागर आणि समुद्र, खिडकी कुठून आणू? ती बाजूला ठेवली.

७ सप्टेंबर, रविवार

गणपतीत पेटी उघडली नाही. गौरी-गणपती गेले, आज पुन्हा बसले आणि काम संपवलं. अकरा फुग्यांच्या पट्ट्या मिळाल्या नाहीत, कसरीने खाल्ल्या असतील. ते रिकामे राहतील. यांनी लिहिलेलं हरवलं म्हणून मी माझं घालणार नाही.

एकतिसाव्या पानाचा मोठा फुगाही रिकामाच राहणार होता. शिलादूत समुद्राकडे तोंड करून उभा आहे, पाठमोरा. पुढे त्याला आत जायचंय, आणि मीठ विरघळतं तसा तो विरघळणार आहे. इथे तो काहीतरी बोलतो. डब्यात 'खिडकी उघड' सोडून एकच पट्टी उरली होती, कोऱ्या पाठीची. तिच्यावर, 'मला भीती वाटते.'

लावली. शेवटचं पान यांनी बिनबोलीचंच ठेवलंय. नुसत्या लाटा.

१४ सप्टेंबर, रविवार

दोघं पानं न्यायला आली. जितेंद्र एकतिसाव्या पानावर अडला.

"काकू, हे बसत नाही."

"का?"

"शिलादूत घाबरत नाही. सगळे अंक वाचलेत मी. गोळ्या खाल्ल्या, आगीत गेला, पण भीती वाटते असं एकदाही म्हणाला नाही. तो दगडाचा आहे."

"दगडाचा आहे म्हणून काय झालं?"

"अहो, म्हणजे... फॅन लोक मारतील मला!"

"अक्षर यांचं आहे ना? मग म्हणाला तो."

हेमांगीने पान स्वतःकडे ओढलं. तिने त्या पट्टीचं एक टोक नखाने उचलून बघितलं. मग डब्यातली 'खिडकी उघड' घेतली, उलटी केली, सुलटी केली.

"काकू, काका शेवटी बोलू शकायचे का?"

मी सांगितलं की आवाज गेला होता, लिहून दाखवायचे.

"आणि तुम्ही वाचायला कधी शिकलात?"

"हे गेल्यावर."

तिने ती पट्टी हळूच माझ्या हातात दिली. "ही डब्यात नका टाकू. वेगळी ठेवा." मग जितेंद्रला म्हणाली, "राहू दे. जिथे लावलीय तिथेच राहू दे." चहा अर्धा टाकून उठली. जाताना माझ्या पाया पडली. बँकेत नोकरी करणारी मुलगी, काय तरी खुळेपणा! माझं काही बोलणं लागलं की काय कोण जाणे. मी तिला शिक्षणावरून तर काही म्हटलं नव्हतं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

पारनाक्यावरून संध्याकाळी परत आले. जसं झालं तसं लिहिते.

वाचनालयाच्या ओट्यावर टेबल टाकलं होतं. कागदावर 'शिलादूत, भाग दुसरा, मोफत' असं लिहिलेलं. मुलं धावत आली. पहिला प्रश्न, "सोबत काय फ्री आहे?"

"हेच फ्री आहे," जितेंद्र म्हणाला.

"हे तर कळलं. पण गिफ्ट काय?"

"गिफ्ट नाही रे बाबा."

"रंगीत पण नाहीये," दुसरा म्हणाला आणि अंक तिथेच ओट्यावर ठेवून गेला. अशी बरीच गेली. एका बाईने दोन मागून घेतले आणि समोरच त्यावर भिजलेली छत्री ठेवली. रस्त्यावर पडलेले सात अंक मी उचलून आणले. एकावर चपलेचा ठसा आहे, शिलादूताच्या छातीवर.

यांचंच बरोबर होतं असं वाटत होतं. तिथून निघणार होते.

मग मोठी माणसं यायला लागली. एकेकटी, जरा लाजत. ऑफिसच्या बॅगा घेऊन, कोणी बायकोला लांब उभी करून. विरारहून आलेला एक जण त्याचा पहिला भाग प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन आला होता. ती सगळी एकमेकांशी कंपनीबद्दल असं बोलत होती जसं लोक वाटणी न देता गेलेल्या भावाबद्दल बोलतात. "आपल्याला मूर्ख समजले." "चुंबक देऊन किंमत वाढवली." "मी तरी घेतच राहिलो ना." शेवटचं वाक्य बऱ्याच जणांनी म्हटलं.

साधारण चाळिशीचा एक गृहस्थ खांबाला टेकून वाचत होता. ॲन्सेल्म नाव सांगितलं. एकतिसाव्या पानाशी त्याने अंक जवळ नेला, मग लांब धरला. जितेंद्र माझ्याकडे बघून मान खाली घालून उभा.

"हे कोणी लिहिलं?" त्याने विचारलं.

"माझ्या मिस्टरांनी."

"एवढी वर्षं हा कधी असं बोलला नाही."

मी म्हटलं, "नाही बोलला."

"बरं झालं बोलला," तो म्हणाला. अंक शर्टाच्या आत, बनियनला लागून ठेवला आणि गेला.

अंक संपले. चपलेचा ठसा असलेला मी ठेवून घेतला.

७ ऑक्टोबर, मंगळवार

पारनाक्यावर पावसात भिजल्याने ताप आला. तीन दिवस यांच्या खाटेवर पडून आहे. व्हेरोनिका घर टाकून माझ्याकडे. पेज आणते, कपाळावर घडी ठेवते, आणि दर पाच मिनिटांनी ग्लास पुढे करते. आज दुपारी पुन्हा आली.

"घे गो आशाबाय, पाणी घे."

"पाणी नको," मी म्हटलं. "नुसती बस."

ती बसली. माझंच बोलणं मला ऐकू आलं.

मी भिंतीकडे तोंड करून पडले. व्हेरोनिकाला वाटलं डोळा लागला.

८ ऑक्टोबर, बुधवार

ताप उतरला. 'खिडकी उघड' ही पट्टी देवाच्या कपाटात ठेवली होती, ती काढली. मागून बघितली. कोरी.

फुग्यात लावायची असती तर मापाने कापली असती. यांनी उभ्या आयुष्यात कधी एक पट्टी मापाशिवाय कापली नाही.

संकेतला फोन केला. विचारलं, "बाबा तुला संध्याकाळी काय लिहून दाखवायचे?"

"औषधाचं. डॉक्टर काय म्हणाले ते. भात मऊ करायला सांग. असंच."

"भीतीचं कधी काही?"

"भीतीचं? नाही. बाबा कुठे घाबरायचे? का गं?"

"काही नाही. जेवलास का?"

म्हणजे ते मला दाखवलं. केव्हा, ते आठवायचा खूप प्रयत्न केला. एकही दिवस वेगळा आठवत नाही. सगळ्या दिवशी मी मान हलवलेली आहे. हे पट्टी धरायचे, मी त्यांच्या अक्षराकडे न बघता चेहऱ्याकडे बघायची, हो हो म्हणायची आणि माठाकडे वळायची. परत येईपर्यंत पट्टी उशीखाली गेलेली असायची. हे पाणी प्यायचे. गिळताना त्यांना किती त्रास व्हायचा, तरी प्यायचे. मी आणलं म्हणून.

पाटीवर कोथिंबीर निवडली नसती तर.

११ ऑक्टोबर, शनिवार

हेमांगी पानं परत द्यायला आली. एकटीच. मला बघितलं आणि तिला कळलं की मला कळलंय.

"काकू, तेव्हाच सांगायला हवं होतं मी. धीर झाला नाही."

मी म्हटलं, "मलाही झाला नसता."

"त्या दोन पट्ट्या काढून देऊ का? सोडवता येतील. खळ पाण्याने सुटते."

तिने पान एकोणीस आणि पान एकतीस माझ्यापुढे ठेवली. तीनशे अंक लोकांच्या घरी गेलेत. त्यातले काही रद्दीत, काही चपलेखाली, एक त्या ॲन्सेल्मच्या बनियनपाशी. यांनी मला सांगितलेलं सगळ्या वसईने वाचलं. सगळ्यात शेवटी मी.

"नको काढूस," मी म्हटलं. "तिथे निदान कोणीतरी वाचलं."

जितेंद्रने तिच्याबरोबर पुठ्ठ्याचा मुखवटा पाठवलाय, स्वतः कापून. शिलादूताचा. आतून पेन्सिलने लिहिलंय, 'अंकासोबत मोफत'. डोळ्यांची भोकं वरखाली झालीत. तो मी यांच्या टेबलावर ठेवला.

ती गेल्यावर यांच्या खाटेकडची खिडकी उघडली. पाच वर्षं ती बंदच होती, कडी गंजली होती, वरवंट्याने ठोकावी लागली. केळीच्या पानांचा आवाज आत आला. सवयीने तांब्या उचलला होता, तो परत ठेवला. खाटेजवळ स्टूल ओढलं आणि नुसती बसले.

पाचच्या सुमाराला व्हेरोनिका आली. दारातून माझ्याकडे बघितलं. चपला काढून आत आली आणि उंबऱ्याशी तीही बसली.